सर्वश्रेष्ठ वाइड रिसीव्हर कोण? हा वाद पुराव्यानिशी कसा घालावा

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, आमच्याकडे दोन-तीन मराठी कुटुंबं जेवायला असतात. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल, आधी डेट्रॉइटचा सामना, मग डॅलसचा. ताटं उचलायच्या आत सर्वश्रेष्ठ रिसीव्हर कोण, हा विषय निघतोच. "काका, मॉसला कोणी अडवूच शकत नव्हतं." "अरे, पण राइसचे आकडे बघ ना." अर्ध्या तासात आवाज चढलेले असतात आणि कुणाचंच मत तसूभरही हललेलं नसतं.

बरीच वर्षं असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आम्ही एकाच प्रश्नावर भांडतच नव्हतो. कुणी "सर्वांत भीतिदायक कोण" याचं उत्तर देत होतं, कुणी "सर्वांत जास्त काळ कोण टिकला" याचं. तेव्हापासून मी वही घेऊन बसतो. त्यातून जी पद्धत तयार झाली ती इथे देतो. एक आधीच सांगून टाकतो: मी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहतो आणि तिथला फोर्टीनायनर्स, म्हणजे राइसचा संघ, हाच माझा संघ आहे. माझं माप कुठे झुकू शकतं ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

खेळ नुकताच बघायला घेतलेल्यांसाठी थोडक्यात. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरवून दिलेल्या वाटेने धावतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो. या वाटेला रूट म्हणतात. त्याच्या अंगावर कॉर्नरबॅक हा बचावपटू असतो, पाठीमागे सेफ्टी हा दुसरा. झेललेल्या चेंडूवर संघ किती पुढे सरकला ते यार्डांत मोजतात आणि चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एण्ड झोनमध्ये, पोचला की टचडाउन, सहा गुण. वादात फिरणारे तीन आकडे म्हणजे झेल, यार्ड आणि टचडाउन.

आधी प्रश्न ठरवा

वाद सुरू होण्यापूर्वी कागदावर एकच वाक्य लिहा आणि समोरच्याची त्याला संमती घ्या. "एका हंगामात सर्वांत उंच कोण गेला?" हा एक प्रश्न. "पूर्ण कारकीर्द मिळून संघाला सर्वांत जास्त कुणी दिलं?" हा दुसरा. "कुणामुळे बाकीच्यांना आपला खेळ बदलावा लागला?" हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि त्यात काही वावगं नाही. मी दुसरा प्रश्न धरतो, आणि बरोबरी झाली तर पहिल्याकडे जातो.

मग नावं लिहा. माझ्या वहीत दहा आहेत: डॉन हटसन, रेमंड बेरी, लान्स आल्वर्थ, पॉल वॉरफिल्ड, स्टीव्ह लार्जंट, जेरी राइस, रँडी मॉस, टेरेल ओवेन्स, लॅरी फिट्झजेराल्ड आणि कॅल्विन जॉन्सन. यादी करताना एक पथ्य पाळा. प्रत्येक काळातला निदान एक माणूस तिच्यात हवा, नाहीतर वाद फक्त आपण लहानपणी पाहिलेल्या खेळाडूंचा होतो.

आकडा आधी त्याच्या काळासमोर उभा करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात तेही इथेच. १९७७ मध्ये अख्ख्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये, सर्वाधिक यार्ड मिळवणारा ड्रू पिअरसन ८७० यार्डांवर थांबला होता. आज ८७० यार्डांचा रिसीव्हर चांगल्यांत मोडतो, पण त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही. मग पिअरसन सामान्य होता का? मुळीच नाही. तेव्हा बचावपटू रिसीव्हरला पुढच्या वाटेतही धक्का देऊ शकत होता. १९७८ मध्ये नियम बदलला आणि सुरुवातीच्या पाच यार्डांपुढे अंगाला हात लावायला बंदी आली. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात लांब करून अडवायची मुभाही त्याच वर्षी मिळाली. लगेच अव्वल आकडा वेस्ली वॉकरच्या १,१६९ यार्डांवर गेला. त्याच वर्षी हंगाम १४ ऐवजी १६ सामन्यांचा झाला होता, म्हणून प्रतिसामना काढून बघा: ६२ वरून ७३. सामने वाढले एवढंच त्याचं कारण नव्हतं.

पॉल वॉरफिल्ड हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. पूर्ण कारकिर्दीत फक्त ४२७ झेल. हा आकडा बघून आजची मुलं त्याला यादीतून खोडतात. पण प्रत्येक झेलामागे सरासरी २०.१ यार्ड आणि एकूण ८५ टचडाउन! मायामी डॉल्फिन्सचा १९७२ चा संघ एकही सामना हरला नाही आणि त्या संघाचा भर चेंडू हातात घेऊन धावण्यावर होता. वॉरफिल्डला त्या वर्षी २९ झेल मिळाले. चेंडू त्याच्याकडे येतच नव्हता, मग झेल कुठून वाढणार? ब्रॅडमनची सरासरी आपण त्याच्या काळातल्या इतर फलंदाजांशेजारी ठेवून बघतो. इथेही तसंच करायचं.

आता प्रत्यक्ष कृती. खेळाडूचा सर्वोत्तम हंगाम घ्या, त्याचा आकडा लिहा आणि त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्याच्या आकड्याने त्याला भागा. माझ्या वहीतली पानं अशी आहेत.

कॅल्विन जॉन्सन, २०१२: १,९६४ यार्ड, हा विक्रम आहे. दुसरा आंद्रे जॉन्सन, १,५९८. गुणोत्तर साधारण १.२३.

रँडी मॉस, २००७: २३ टचडाउन, हाही विक्रम. दुसरा ब्रेलन एडवर्ड्स, १६. गुणोत्तर १.४४.

जेरी राइस, १९८७: २२ टचडाउन. दुसरा माइक क्विक, ११. बरोबर दुप्पट.

डॉन हटसन, १९४२: ७४ झेल. दुसऱ्या क्रमांकावर २७. पावणेतीनपटीच्या जवळ.

राइसच्या १९८७ वर थोडं थांबलं पाहिजे. त्या वर्षी खेळाडूंचा संप झाला होता. राइस फक्त १२ सामने खेळला आणि त्यात २२ टचडाउन केले. त्याआधीचा विक्रम मार्क क्लेटनचा होता, १९८४ मधले १८. मॉसने २००७ मध्ये १६ सामन्यांत २३ करून विक्रम मोडला तेव्हा पुस्तकात नाव बदललं, पण प्रतिसामना हिशोबात राइस आजही पुढे आहे. वादात कुणी "विक्रम मॉसचा आहे" म्हणालं की हा बारा सामन्यांचा मुद्दा शांतपणे मांडायचा.

हीच काळजी नव्या आकड्यांबाबत घ्यायची. २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाला. त्या वर्षी कूपर कपने १,९४७ यार्ड केले. कॅल्विन जॉन्सनच्या विक्रमापासून तो १७ यार्डांवर थांबला, पण एक सामना जास्त खेळून. प्रतिसामना जॉन्सन जवळजवळ १२३ आणि कप एकशे साडेचौदा.

सारख्या लांबीचे तुकडे कापा

राइसची एकूण कारकीर्द समोर ठेवली की वाद संपतो, आणि म्हणूनच ती एकदम समोर ठेवू नये. २० हंगाम, ३०३ सामने, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, झेलून केलेले १९७ टचडाउन. यार्डांत दुसऱ्या क्रमांकावर असलेला फिट्झजेराल्ड १७,४९२ वर आहे, म्हणजे पाच हजारांहून अधिक मागे. पण मॉसचा चाहता लगेच म्हणेल, "तो जास्त वर्षं खेळला, एवढंच." मुद्दा रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचं तर सारखे तुकडे घ्या.

दोघांचे पहिले दहा हंगाम मी हाताने बेरीज करून काढले. राइस, १९८५ ते १९९४: ८२० झेल, १३,२७५ यार्ड, १३१ टचडाउन. मॉस, १९९८ ते २००७: ७७४ झेल, १२,१९३ यार्ड, १२४ टचडाउन. फरक आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. ही बेरीज करेपर्यंत मी मॉसला फारच खाली धरत होतो आणि त्या दिवशी मला माझं मत बदलावं लागलं. तुम्हीही बेरीज स्वतः करा. छापील एकूण आकड्यावर बोट ठेवण्यापेक्षा एकेक वर्ष लिहून काढलं की खेळाडू कुठे आजारला, कुठे संघ बदलला, कुठे मनाने खेळात नव्हता, ते दिसत जातं. मॉसच्या रकान्यात २००६ समोर फक्त ३ टचडाउन आहेत आणि पुढच्याच ओळीत २३.

सरासरीचाही एक सापळा आहे. प्रतिसामना यार्डांत जॉन्सन ८६ वर आहे आणि राइस साडेपंचाहत्तरवर. पण जॉन्सन तिशीतच, नऊ हंगामांनंतर थांबला. राइसच्या सरासरीत चाळिशीनंतरचे सामनेही धरलेले आहेत. लवकर थांबणाऱ्याची सरासरी उतरायला वेळच मिळत नाही.

चेंडू कोण फेकत होतं?

रिसीव्हर एकटा काहीच करू शकत नाही. राइसविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे: त्याला जो मोंटाना मिळाला, त्याच्यानंतर स्टीव्ह यंग. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत. हा मुद्दा झटकून टाकू नका, तपासा. क्वार्टरबॅक बदलला की रिसीव्हरचं काय झालं, हे बघायचं.

राइस २००२ मध्ये ओकलंडला रिच गॅननबरोबर खेळत होता. त्याच हंगामात तो चाळीस वर्षांचा झाला आणि ९२ झेल, १,२११ यार्ड करून गेला. गॅननही त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तेव्हा प्रामाणिकपणे सांगायचं तर राइसला वाईट क्वार्टरबॅकबरोबर फारसं खेळावंच लागलं नाही. इथे मॉसचं पारडं जड होतं. पहिल्या वर्षी रँडल कनिंगहॅम, मग जेफ जॉर्ज, मग नवखा डाँटे कल्पेपर, पुढे टॉम ब्रेडी, आणि प्रत्येकाबरोबरच्या पहिल्या हंगामात दहाच्या वर टचडाउन.

या कसोटीवर सगळ्यांत उजळून निघतो तो मात्र फिट्झजेराल्ड. २००९ नंतर कर्ट वॉर्नर निवृत्त झाला आणि ॲरिझोनात क्वार्टरबॅकची जागा सामन्यागणिक हलायला लागली. तरी २०१० मध्ये ९० झेल, १,१३७ यार्ड आणि २०११ मध्ये १,४११ यार्ड. कॅल्विन जॉन्सनचा २००८ चा हंगाम तर असा, की संघ सोळाच्या सोळा सामने हरला, तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी सुरुवात केली आणि या माणसाने १,३३१ यार्ड, १२ टचडाउन केले. त्या वर्षी झेलून केलेल्या टचडाउनमध्ये त्याच्या पुढे कुणी नव्हतं.

मग चित्रफीत लावा

आकडे झाल्यावर बघायचं, आधी नाही. आधी बघितलं की डोळ्यांना जे आवडतं त्याच्या बाजूने आकडे शोधले जातात. बघताना चेंडूकडे बघू नका, तो सगळ्यांनाच दिसतो. रिसीव्हरच्या पहिल्या दोन पावलांकडे बघा: कॉर्नरबॅकचा हात लागायच्या आत तो निसटतो का? वळणावर वेग मोडतो का? आणि चेंडू दुसऱ्याकडे जात असताना तो काय करतो?

एक क्षण तरी बघाच. जानेवारी १९८९, मायामी, तेविसावा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. सिनसिनाटी १६, सॅन फ्रान्सिस्को १३, शेवटची तीन मिनिटं आणि चेंडू स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेवर. ९२ यार्ड जायचंय. मोंटाना हळूहळू संघ पुढे आणतो, मग दंड होतो आणि दुसऱ्या प्रयत्नात २० यार्डांची गरज उभी राहते. राइस मैदानाच्या मध्याकडे कापत येतो, भोवती तीन बचावपटू. चेंडू येतो तेव्हा तो थांबत नाही, उडी मारत नाही, पाऊलही आखडत नाही. धावता धावता चेंडू हातात घेतो आणि त्याच वेगात त्यांच्यामधून पुढे निघतो. २७ यार्ड. माझ्या मते राइस समजून घ्यायला हा एक झेल पुरेसा आहे. त्याच्याकडे मॉसचा वेग नव्हता, पण जो होता तो चेंडू हातात आल्यावर कमी होत नव्हता.

दोन खेळींनंतर, ३४ सेकंद उरलेले असताना, टचडाउन झाला तो जॉन टेलरचा. त्या खेळीत चेंडू सुटायच्या आधी राइस आडवा धावत गेला होता आणि बचावाला त्याची दखल घेणं भाग होतं. त्या सामन्यात राइसचे ११ झेल, २१५ यार्ड आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. पण शेवटच्या खेळीतली त्याची ती आडवी धाव कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. तिच्यासाठीच चित्रफीत बघायची.

मॉसचा बघायचा तो १९९८ चा थँक्सगिव्हिंगचा सामना, डॅलसमध्ये. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ज्या संघांनी त्याला डावललं त्यांत डॅलसही होता. तीन झेल, १६३ यार्ड आणि तिन्ही टचडाउन. मॉसचे हात बघा. चेंडू डोक्यावर येईपर्यंत हात खालीच असतात. कॉर्नरबॅक पाठमोरा धावताना चेंडू बघू शकत नाही, तो रिसीव्हरचे हात आणि डोळे वाचत असतो. मॉस त्याला वाचायला काही देतच नाही, अगदी शेवटच्या क्षणी हात वर जातात. पुढच्या वर्षी, १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, मॉसच्या संघाच्याच गटातल्या ग्रीन बेने आपल्या पहिल्या तिन्ही निवडी बचावाच्या मागच्या फळीसाठी वापरल्या. माझा तिसरा प्रश्न, कुणामुळे इतरांना खेळ बदलावा लागला, त्यात मॉसचं नाव फार वर येतं ते अशा पुराव्यामुळे.

आपल्याच माणसाविरुद्ध बोला

वादात समोरच्याला पटवायचं असेल तर आपल्या खेळाडूतली खोट आपणच आधी सांगावी. मी सांगतो. हातमोज्यांवर स्टिकम हा चिकट पदार्थ थोडा लावत होतो, हे राइसने स्वतः कबूल केलं आहे. एनएफएलने त्यावर १९८१ मध्येच बंदी घातली होती, म्हणजे त्याची सगळी कारकीर्द बंदीनंतरची. हे मला खटकतं आणि मी ते लपवत नाही. वीस वर्षं ज्या तऱ्हेने तो बचावपटूंपासून सुटत राहिला ते चिकट हातमोज्याने होत नाही, असं माझं मत. पण मुद्दा ऐकून घेण्यासारखा आहे.

मॉसच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे मान्य करावं, की मला वाटतं तेव्हा मी खेळतो, असं तो २००१ मध्ये स्वतःच म्हणाला होता आणि काही सामन्यांत ते दिसतं.

हटसनचा प्रश्न सर्वांत गंभीर. १९३५ ते १९४५ तो ग्रीन बेकडून खेळला. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, म्हणजे देशातल्या कितीतरी चांगल्या खेळाडूंना दारच बंद होतं. शिवाय १९४२ नंतर असंख्य खेळाडू युद्धावर गेले. मग त्या ७४ विरुद्ध २७ ला किती मोल द्यायचं? मी ते कापतो, पण शून्य करत नाही. कारण झेलांत तो आठ वेळा अव्वल होता आणि त्यातली १९३६, १९३७, १९३९ आणि १९४१ ही वर्षं अमेरिका युद्धात उतरण्याआधीची. त्याचे ९९ टचडाउन ४४ वर्षं कुणाला ओलांडता आले नाहीत. शेवटी १९८९ मध्ये लार्जंटने शंभरावा केला. आणि हा माणूस बचावातही खेळत होता, लाथेने चेंडू गोलपोस्टमधून मारायचं कामही करत होता. १९४५ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध एकाच क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव सामन्यात, त्याने २९ गुण केले.

विजेतेपदांचा मुद्दा लवकर उरकावा. फिट्झजेराल्डने २००८ च्या हंगामानंतरच्या बाद फेरीत ५४६ यार्ड, ७ टचडाउन केले. सुपर बोलमध्ये अडीच मिनिटं उरलेली असताना ६४ यार्ड धावत संघाला आघाडी मिळवून दिली. मग तो बाकावर बसून बघत राहिला आणि पिट्सबर्गने ३५ सेकंद शिल्लक असताना सामना काढला. त्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी त्याला खाली आणणं मला अन्याय वाटतो. ओवेन्सचंही तसंच. पायाचं हाड मोडल्यावर सात आठवड्यांत तो सुपर बोल खेळायला उतरला आणि ९ झेल, १२२ यार्ड करूनही हरला. त्याच्या स्वभावावर खूप बोललं जातं. तो वेगळा विषय आहे, रिसीव्हरच्या वादात आणू नये.

माझ्या वहीत आज क्रम असा आहे: राइस, हटसन, मॉस, मग फिट्झजेराल्ड. राइस पहिला, कारण उंची आणि लांबी दोन्ही मोजली तरी तो वर राहतो. सॅन कार्लोसच्या एजवुड पार्कात ज्या चढावर तो उन्हाळ्यात धावायचा, ती सुमारे चार किलोमीटरची वाट मी चालत चढलो आहे. वसंतात तिथे रानफुलं छान असतात. निम्म्यावर मला ओकच्या सावलीला बसावं लागलं. तो ती पळत जायचा, हंगाम संपलेला असताना, विक्रम नावावर जमा झाल्यानंतरही.

आता मुलं जस्टिन जेफरसनचं नाव घेतात, आणि घ्यावंच. गेल्या थँक्सगिव्हिंगला मी त्यांना कागद दिला आणि दोघांचे पहिले पाच हंगाम लिहायला सांगितले. जेफरसन: ७७ सामने, ७,४३२ यार्ड, ४० टचडाउन. राइस: ७६ सामने, ६,३६४ यार्ड, ६६ टचडाउन. सामने जवळपास सारखे, यार्डांत जेफरसन हजाराने पुढे, टचडाउनमध्ये राइस २६ ने. मग थोरल्याने विचारलं, "काका, पण आता चेंडू जास्त फेकतात ना?" मी त्याला प्रत्येक वर्षाचा दुसऱ्या क्रमांकाचा आकडा शोधायला बसवलं आणि जेवण गार होईपर्यंत तो उठला नाही.